कुणी बघणार नाही असा रस्ता

रस्ता हा कुठेतरी जाण्यासाठी असतो, हे माझ्या साडूंना आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. त्यांच्या मते रस्ता ही पारखून पसंत किंवा नापसंत करण्याची वस्तू आहे. लोक मुलीसाठी स्थळं बघतात तसे हे रस्ते बघत. भाईंदरपासून उत्तन-गोराईपर्यंत मिठागरांच्या कडेने, भातशेतांमधून, तिवरांच्या आडून जाणारा डांबरी, खडीचा किंवा नुसताच मातीचा एकही तुकडा असा नसेल, की जो त्यांनी एखाद्या रविवारी सकाळी सायकलवरून जाऊन बघितला नाही आणि काहीतरी खोट काढून नाकारला नाही. त्यात पुन्हा त्यांची नोकरी फोर्टातल्या एका विमा कंपनीत, दावे तपासण्याची. आलेला प्रत्येक दावा खोटा आहे असं धरून चालण्याचा त्यांना पगार मिळायचा. सोमवार ते शनिवार माणसांवर संशय घ्यायचा आणि रविवारी रस्त्यांवर, असा त्यांचा आठवडा असे.

या शोधामागे कारण होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. ताईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला आणि माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, सायकल शिकायची होती. लहानपणी गिरगावात भाऊ भाड्याची सायकल आणायचे, तेव्हा या दोघी बहिणींच्या वाट्याला भावांच्या चपला सांभाळायचं काम यायचं. आमच्या हिने तो विषय तिथेच सोडला. ताईंनी मनात ठेवला. नव्या शतकाच्या सुरुवातीला गिरगावातली खोली विकून ते दोघं भाईंदर पश्चिमेला राहायला आले, आणि एका संध्याकाळी नव्या गॅलरीत उभ्या राहून ताई सहज म्हणाल्या, "मला सायकल यायला हवी होती." साडू म्हणाले, "मी शिकवतो." ताईंनी एकच अट घातली. पडताना कुणी बघता कामा नये. पन्नाशीला आलेली बाई सायकलवरून पडली तर लोक हसणार, आणि ते हसणं त्यांना सोसणार नव्हतं. साडूंनी तिथल्या तिथे शब्द दिला. दुसऱ्याच दिवशी पुढे टोपली असलेली लाल लेडीज सायकल आणली, गॅलरीत उभी केली, तिच्यावर जुनी चादर घातली आणि स्वतःच्या काळ्या, अवजड सायकलवर बसून रस्ता शोधायला निघाले. ते पुढे कित्येक वर्षं शोधतच होते.

रस्ता तपासण्याची त्यांची स्वतःची पद्धत होती. आवडलेल्या जागी सायकल स्टँडवर लावायची, मागे कॅरियरवर बसायचं, थर्मास उघडायचा आणि चहा प्यायला सुरुवात करायची. थर्मास संपेपर्यंत कुणी येऊन चौकशी केली नाही तर रस्ता पास. इतकी सोपी परीक्षा असूनही एकही रस्ता पास होत नव्हता. मोरव्याला आतल्या बाजूचा एक रस्ता त्यांना फार आवडला होता. ते दुसरा घोट घेत होते एवढ्यात ओट्यावर बसलेल्या एका म्हातारीने हाक मारली, "कोनाकडं आयलास रे?"

"कुणाकडे नाही, आजी. नुसताच बसलोय."

"नुसताच? मंग घरी का न्हाय बसत? बायको भांडली काय?"

यावर साडूंनी नाही म्हटलं, पण ते ज्या घाईने म्हटलं त्यावरून म्हातारीचा समज पक्का झाला. तिने आत हाक मारून सुनेला बोलावलं, सुनेने शेजारणीला, आणि तिघींनी मिळून त्यांना घरात नेऊन पोहे खायला घातले आणि बायकोशी कसं वागावं ते समजावून सांगितलं. घरी आल्यावर साडूंनी निकाल दिला, "पोहे उत्तम. रस्ता बाद."

उत्तनला याहून मोठा घोटाळा झाला. तिथे बांबूंवर बोंबील वाळत घालणाऱ्या काही बायका दिसल्या, तेव्हा वेळ वाचवावा म्हणून त्यांनी सरळ विचारलं, "मावशी, या रस्त्याला सकाळच्या वेळी साधारण किती माणसं असतात?" आता खिशाला पेन, डोळ्यांवर चष्मा आणि असा प्रश्न, म्हटल्यावर हा माणूस रस्ता रुंद करायच्या मोजणीवर आला आहे हे कुणीही ओळखलं असतं. क्षणभरापूर्वी जिथे चिटपाखरू नव्हतं तिथे सगळी आळी येऊन उभी राहिली. "आमची घरं जानार काय? सांगून ठेवतो, एक इंच जागा देनार न्हाय!" घाबरलेल्या साडूंनी शेवटी खरं काय ते सांगून टाकलं. बायकोला सायकल शिकवायचीय, म्हणून रिकामा रस्ता बघतोय. सगळ्यांचे कमरेवरचे हात खाली आले. मग त्यातली एक थोराड बाई मोठ्या मायेने म्हणाली, "अवो, मंग आना की तिला हितं! आमी सगल्या बगतो, पडू न्हाय देनार." साडू त्या दिवशी आमच्याकडे आले ते तोंड पाडूनच. "सगळ्या बघणार आहेत म्हणतात!" एवढंच ते पुनःपुन्हा सांगत राहिले.

घोडबंदरला खाडीकाठचा एक रस्ता जवळजवळ पसंत पडला होता, तो एका कुत्र्यामुळे राहिला. कुत्रं बघितलं तर काय बिघडतं, असं मी म्हणालो. "ते नुसतं बघत नाही हो," साडू म्हणाले, "भुंकून बाकीच्यांना बोलावून आणतं." मी तसा फार गुंतणारा माणूस नाही. पण त्यांची ही वणवण बघून एकदा मी त्यांना काशीमिऱ्याला घेऊन गेलो. हॉटेलं, गॅरेजं, गोदामं, ट्रकच्या रांगा, रिक्षांचा कलकलाट. मी म्हटलं, "बघा, इथे कुणाचं कुणाकडे लक्ष नाही. उलट शांत रस्त्यावर माणसांना बघायला दुसरं काहीच नसतं, म्हणून ती तुमच्याकडे बघतात. ताईंना इथे शिकवा." साडू दोन्ही ब्रेक दाबून, सायकल हातात धरून, जाणाऱ्या प्रत्येक ट्रकला वाट देत उभे होते. ते माझ्यावर उखडले. "इथे बघत नाहीत म्हणूनच तर चिरडतात!" दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं आणि त्यातून रस्ता काही निघत नव्हता.

दरम्यान वर्षं जात होती. शनिवारी संध्याकाळी चादर काढून लाल सायकलला तेल द्यायचं, टायर दाबून बघायचे, हवा भरायची, पुन्हा चादर घालायची, हा नेम त्यांनी सोडला नाही. ताई साठीकडे झुकल्या, साडूंचे गुडघे कुरकुरायला लागले, आणि दिलेला शब्द आता राहतोच की काय ही धास्ती त्यांच्या बोलण्यात येऊ लागली. "अजून दोन-तीन वर्षं धावू शकेन मी मागून," एकदा ते म्हणाले. "त्याच्या आत मिळायला हवा." तेव्हा मात्र मला हसू आलं नाही.

आणि त्याच सुमाराला आमच्या हिने मला सांगितलं की ताईंना सायकल येते. चांगली येते. साडू रविवारी थर्मास घेऊन बाहेर पडले की ताई लाल सायकल लिफ्टमधून खाली आणत आणि खालच्या मजल्यावरच्या गुजराती भाभी त्यांना पार्किंगमध्ये शिकवत. "सामने देखो बेन, हँडल को क्या देखती हो, वो किधर नहीं जानेवाला!" सगळ्या गॅलऱ्यांतून सगळी बिऱ्हाडं बघत असत. ताई पहिल्यांदा पडल्या तेव्हा सगळे हसले, आणि नवल म्हणजे सगळ्यांत जास्त ताईच हसल्या. मग चाकं पुसून, सायकल जागेवर ठेवून, वर चादर घालून त्या स्वयंपाकाला लागत. खोटे दावे पकडण्यात हयात गेलेल्या आमच्या साडूंना झिजलेले टायर दिसत होते, पण ते म्हणत, "गॅलरीतलं ऊन फार वाईट."

"मग त्यांना सांगत का नाही?" मी ताईंना विचारलं.

"मला सायकल येते हो," ताई म्हणाल्या, "पण त्यांनी शिकवायची राहिलीय ना."

त्यानंतरच्या थंडीत एका रविवारी साडूंचा फोन आला. "अख्खा थर्मास संपला!" उत्तनच्या पुढे मुख्य रस्ता सोडून ताडांच्या मधून समुद्राकडे जाणारा एक अरुंद डांबरी रस्ता त्यांना सापडला होता. तिथे माणूस नव्हता, घर नव्हतं, कुत्रंसुद्धा नव्हतं. आमची ही घाबरून म्हणाली, "ताई, आता गं काय करणार तू?" ताई म्हणाल्या, "करणार काय, पडणार!" पुढच्या रविवारी ओळखीच्या टेम्पोत लाल सायकल चढवून आम्ही चौघं तिथे गेलो. साडूंनी आधी तोल या विषयावर भाषण दिलं. मग आम्हा दोघांना त्यांनी पाठ फिरवून उभं राहायला लावलं, कारण अट म्हणजे अट. आम्ही पाठ फिरवली आणि अर्थातच मान वळवून बघितलं.

ताई बसल्या. साडूंनी मागून कॅरियर घट्ट धरला आणि ते धावू लागले. धावू लागले म्हणजे लंगडत, धापा टाकत, जेमतेम भरभर चालू लागले. ताई पडल्या नाहीत. पडायचं ठरवून आल्या होत्या, पण मागून येणाऱ्या धापा ऐकून तो बेत त्यांनी सोडला असावा. साडूंचं पाऊल पडेल तेवढंच त्या पेडल फिरवत होत्या. इतक्या हळू सायकल चालवणं फार कठीण असतं, सराव नसेल तर माणूस दुसऱ्या क्षणाला आडवा होतो. त्या तशा सरळ, सावकाश जात राहिल्या. मला माझ्या साडूंचा इतका हेवा यापूर्वी कधी वाटला नव्हता.

"येतंय! येतंय तुला!" साडू दम लागलेल्या आवाजात ओरडले. "सोडू का आता?"

"नको हो," ताई म्हणाल्या. "इतक्यात नका सोडू."