सोनचाफ्यातली हळद

भोईरमामा काचेच्या भांड्यांना दम द्यायचे. नेरूळच्या आमच्या कॉलेजात ते प्रयोगशाळेचे अटेंडंट, राहायला तळवलीला. मी एम.एस्सी.ला सोनचाफ्याचं तेल काढत होते. किलोभर फुलं पाण्यात घालून तासन्‌तास उकळायची, वाफ थंड करायची आणि वर तरंगणारं थेंबभर तेल जिवापाड जपायचं. मी आच वाढवली की मामा ती गुपचूप कमी करायचे आणि वर चंबूलाच बजावायचे, "ती सांगंल, पन तू घाई नको करू. तेल करपंल."

त्यांचा एकच हट्ट माझ्या मार्गदर्शक सरांना झेपत नसे. दसऱ्याला प्रयोगशाळेतल्या यच्चयावत वस्तूंची पूजा व्हायची. तराजूला, बर्नरला, अगदी कचऱ्याच्या डब्यालाही हळदकुंकू. फक्त तेलातले घटक वेगवेगळे करून दाखवणाऱ्या महागड्या यंत्राला हात लावायचा नाही, अशी सरांची सक्त ताकीद होती.

दसऱ्यानंतर मी इंजेक्शनसारख्या सुईने माझं तेल त्या यंत्रात सोडलं. आलेखावर चाफ्याचे ओळखीचे घटक आले आणि शेवटी एक भलतंच शिखर. यंत्राने नाव सांगितलं, तर तो हळदीतला घटक! सर खुर्चीवरून उठलेच. असं कुणालाच सापडलेलं नव्हतं. लेख लिहायचं ठरलं, त्यावर माझं नाव पहिलं. आईने सोसायटीभर पेढे वाटले. मी आरशासमोर भाषणाची तयारीही सुरू केली. मामांना पेढा दिला, तेव्हा कशात काय सापडलं ते त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

लेख पाठवायच्या दिवशी मामा सरांच्या केबिनमध्ये येऊन उभे राहिले. निवृत्तीला दोन महिने उरले होते.

"सायेब, ती हलद माजी हाय."

यंत्राला हात लावायचा नव्हता, म्हणून त्यांनी शेजारच्या सुईची पूजा उरकली होती. सुई धुवायचा कंटाळा मी केला होता. ती धुऊन पुन्हा तपासलं आणि हळद गायब झाली. सर मामांना नको नको ते बोलले. मला तर रडूच फुटलं. गप्प राहिला असतात तर कुणाला कळलं असतं, असं मी त्यांना तोंडावर विचारलं.

"आज कुनाला नसता कल्ला," मामा म्हणाले. "पन उद्या दुसऱ्या कुनी चाफा उकलला, तर त्याला हलद कुटं गावंल? मंग तुला खोटी म्हनतील, बाय."

मामांना जाऊन आता दोन वर्षं झाली. माझ्या प्रबंधात कसलाही शोध नाही. पण त्यातला आलेख कुणीही, कधीही ताडून पाहावा, एवढी छाती मला मामांनी दिली.