माहुलीच्या उताराआधी

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता मला एक वाईट सवय लागली. देवळात गेले की पिंडीकडे बघण्याआधी मी मागे वळून बघायची, सुभेदार आलेत का म्हणून. आले असले की नमस्कार अर्धवट व्हायचा. नसले की मनात पहिला विचार यायचा, आज नाहीच आले तर किती बरं होईल. अशा मनाने मी महादेवाला बेल वाहत होते. एकदा गुरवांनी तीर्थ माझ्याआधी त्यांच्या हातावर घातलं, तर मला ते तीर्थ गिळवेना. अठ्ठावन्न वर्षांची बाई मी, आणि पळीभर पाण्यावरून रुसून बसले. देव आपल्यापासून लांब गेला की काय, अशी शंका मला त्या दिवसांत सारखी यायची. लांब मी गेले होते, हे कळायला एक रविवार यावा लागला.

माझं माहेर माधवनगरचं. वडिलांचं गिरणीच्या फाटकाबाहेर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पाळी सुटली की सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा, आणि त्यातल्या दहा-बारा तरी आमच्या दारात आडव्या व्हायच्या. मी सातवीत असताना चाकाचा आऊट काढायला, म्हणजे लचकत फिरणारं चाक सरळ करायला, शिकले. लग्न होऊन साताऱ्याला आले आणि पुढची तीस वर्षं हातात पाना धरला नाही. सासरी ते शोभलं नसतं. यजमान गेल्यावर घर खायला उठायचं, तेव्हा वस्तीतल्या महादेवाच्या देवळामागची रिकामी पत्र्याची शेड मी पंचांकडे मागितली. लोकांच्या गच्चीवर गंजत पडलेल्या सायकली गोळा केल्या. दर रविवारी सकाळी जो येईल त्याची सायकल फुकट नीट करून द्यायची, शिकायचं असेल त्याला शिकवायचं, एवढंच ठरवलं होतं. हळूहळू सहा-सात जण मदतीला येऊ लागले. धुण्याभांड्याला जाणाऱ्या बाया, बेकरीतली माणसं, कॉलेजच्या मुली, सगळे येत. कोरेगाव रस्त्यावर मला कोणी नावाने ओळखत नाही. मी ‘सायकलवाल्या काकू’. हे नाव ऐकलं की मला आतून फार गोड वाटायचं. इतकं गोड वाटणं बरं नाही, असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

मग सुभेदार आले. मूळचे कोरेगावकडचे, फौजेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, लेकीजवळ राहायला साताऱ्यात आलेले. पहिल्या दिवशी दारात चप्पल काढून उभे राहिले आणि म्हणाले, “ताई, लय दिवसांत हातात पाना न्हाई धरला. काय काम आसंल तर द्या. झाडून काढायला लावलं तरी चालंल.” मीच त्यांना पाना दिला. दोन रविवारांत मला कळून चुकलं, हा माणूस माझ्यापेक्षा सरस आहे. मी चाकाचे आरे एकेक चाचपून बघायची, ते नुसते बोटाने छेडून आवाजावरून सांगायचे कुठला ढिला आहे. कामही भराभर, आणि तोंडाने गोष्टी सुरू. बर्फातल्या, वाळवंटातल्या. पोरी हसायच्या. मी वर्षभर शिकवलेल्या बाया त्यांच्याभोवती गोळा होऊन “सुभेदारकाका, हे कसं केलंत?” विचारायच्या. माझ्यासमोर ओळ लागली असली, तरी लोक म्हणायचे, “थांबतो काकू, त्यांचं होऊ दे.”

स्थानिक पेपरात आमच्या शेडची बातमी आली. फोटोत सुभेदार चाक फिरवताना दिसत होते, आणि कडेला माझं कोपर होतं. बातमीत माझाही उल्लेख होता, नाही असं नाही. पण मी तो पेपर घरी नेऊन तीनदा बघितला, आणि तीनही वेळा फक्त कोपरच बघितलं. हे लिहायला लाज वाटते. त्यांच्यात एखादा दोष असता तरी मला बरं झालं असतं. ते मला मान द्यायचे, चहा आधी माझ्या हातात द्यायचे, नवीन माणूस आला की “ह्या आमच्या ताई, शेड त्यांनी उभी केलीया” असं सांगायचे. त्यांच्या चांगुलपणाचाच मला राग यायचा. सोमवारी संगम माहुलीला दर्शनाला गेले की मी हेच मागायची, महादेवा, माझी जागा मला परत दे. त्यांना दुसरं काही काम मिळू दे, लेकीची बदली होऊ दे. कृष्णेच्या पाण्यात पाय सोडून मी एका सज्जन माणसाची पाठवणी मागत होते.

तो रविवार दिवाळीनंतरचा. रुबिना तिच्या पाच वर्षांच्या लेकीला घेऊन आली होती. रुबिना शिवणकाम करते. माहुलीच्या पुलापलीकडच्या गावातून ब्लाऊजची कापडं आणते आणि शिवून परत पोचवते; त्या दिवशीही तिकडेच निघाली होती. सायकलच्या कॅरिअरवर तिने लेकीसाठी उशी बांधलेली होती. मागचा ब्रेक कधीचाच गेलेला, आमच्याकडे त्याचं सामान नव्हतं. पुढच्या ब्रेकची वायर तुटली होती, ती सुभेदारांनी नवी घातली. वायर ओढून घेतली, नट बोटांनी फिरवला आणि पाना घ्यायला वळले, तेवढ्यात देवळाच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ घसरून पडले. सुभेदार धावत तिकडे गेले. त्या म्हाताऱ्यांना उठवून, पाणी पाजून, घरी पोचवायला निघाले. जाताना लांबूनच रुबिनाला हाताने खूण केली. ती ‘थांब’ म्हणून होती की ‘झालं’ म्हणून, देव जाणे. रुबिनाला वाटलं, झालं.

मी चार पावलांवर उभी होते. नटावर पाना लागला नव्हता, हे मला दिसलं होतं. रुबिनाने ब्रेक दाबून बघितला, तो लागला. बोटाने आवळलेला नट एकदा-दोनदा धरतो. जोर आला की वायर सटकते. वडिलांच्या दुकानात ही गोष्ट मी परकरात असताना शिकले होते.

“काकू, झालं न्हवं सगळं?” रुबिनाने विचारलं.

मी म्हणाले, “सुभेदारांनी केलंय म्हणजे झालंच असणार.”

हे वाक्य मी हसून बोलले. माझ्या मनात तेव्हा काय होतं, ते मी पुष्कळदा तपासून बघितलं आहे. तिला इजा व्हावी असं नव्हतं. कोपऱ्यावर ब्रेक सुटेल, ती परत येईल, चारचौघांत म्हणेल की सुभेदारांनी नीट केलं नाही, आणि मग मी पुढे होऊन दोन मिनिटांत नीट करून देईन. एवढंच चित्र माझ्या डोळ्यांसमोर होतं. त्या चित्रात उतार नव्हता. कॅरिअरवरची पोरगी तर नव्हतीच. त्या दोघी गेल्या, आणि मी हात धुऊन देवळात गेले.

पिंडीसमोर बसले आणि रोजचा जप सुरू करायला गेले, तर ओठ हलेनात. ‘नमः’ म्हणायचं आणि पुढे कोरं. चाळीस वर्षं तोंडात असलेली पाच अक्षरं मला आठवेनात. गाभाऱ्यात दुसरं कोणी नव्हतं, अभिषेकपात्रातून पाणी थेंब थेंब पडत होतं. त्या आवाजात एकदम मला उशीवर बसलेली ती पोर दिसली, आणि तिच्या पुढे माहुलीचा उतार, खाली पूल, समोरून येणारे उसाचे ट्रॅक्टर. मी उठले. शेडमधून दहा नंबरचा पाना घेतला आणि माझ्या सायकलवर टांग टाकली. कोणाला तरी मोटारसायकलवर पाठवायला हवं होतं, तो जास्त लवकर पोचला असता. पण पाठवायचं तर कारण सांगावं लागलं असतं. त्या घटकेलाही मी माझी अब्रू सांभाळत होते, हे मला नंतर कळलं.

गुडघे दुखत होते, पदर चाकात जाईल म्हणून दाताखाली धरला होता. पाच-दहा मिनिटांचा तो रस्ता मला संपता संपेना. मी मोठ्याने बोलत होते, येणारे-जाणारे बघत होते. महादेवा, तिला थांबव. कसंही कर, पण थांबव. शेड सुभेदारांची. नाव त्यांचं. मला काही नको, मला तिथे उभंही करू नकोस, पण त्या पोरीला थांबव. एवढ्या वर्षांत मी देवाकडे काहीबाही मागितलं असेल, पण ‘मला काही नको’ हे शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदा निघाले.

उतार लागायच्या आधीच्या वळणावर रस्ता अडला होता. मला वाटलं, अपघात. जवळ गेले तर मेंढरं. धनगरांचा कळप रस्ता ओलांडत होता, एक लादलेलं घोडं कडेला उभं होतं, आणि झाडाखाली रुबिनाची सायकल स्टँडवर लावलेली. पोरगी मातीत मांडी घालून बसली होती, मांडीवर नुकतं जन्मलेलं कोकरू. एक म्हातारी धनगरीण घोड्यावरचं ओझं आवळत होती.

मला धापा टाकताना बघून तीच बोलली, “आवं बाय, बसा की जरा. येवढं काय पळताय?” मग पोरीकडे बोट करून म्हणाली, “वझं सुटलं घोड्यावरचं. मानसं सारी म्होरं गेली. ह्या दोघी आल्या, तवा म्हनलं, माझं कोकरू धर गं जरा. कवाधरनं बसलीया बिचारी, हलंना बी न्हाई.”

मी रुबिनाच्या सायकलजवळ गेले आणि पुढचा ब्रेक पूर्ण जोराने दाबला. पहिल्यांदा धरला. दुसऱ्यांदा वायर नटातून सटकून लोंबायला लागली.

रुबिना बघत होती. मी खोटं बोलू शकले असते. मला आत्ता आठवलं म्हणून आले, असं म्हटलं असतं तर तिने माझे पाय धरले असते. पण गाभाऱ्यात गेलेली वाचा मला परत मिळाली होती, ती खोट्यावर घालवायचा धीर झाला नाही. मी म्हणाले, “रुबिना, नट ढिला आहे ते मला तिथंच दिसलं होतं. मी बोलले नाही. सुभेदारांचं नाव खराब व्हावं म्हणून.”

तिने कॅरिअरवरच्या उशीवर हात ठेवला. मग एवढंच म्हणाली, “काकू, पोरगी मागं बसली हुती.”

मी नट आवळला. तीनदा आवळला. ती सायकलवर बसली नाही. पोरीचा हात धरून, सायकल हातात घेऊन, चालत उतार उतरून गेली. म्हातारीने कोकरू उचलून जाळीच्या पिशवीत ठेवलं, घोड्याला हाकलं आणि कळपामागे निघाली. मी तिला वाकून नमस्कार केला, तर ती हसली आणि म्हणाली, “मला कशापायी?” तिला कोणी पाठवलं, की तिचं ओझं आपसूकच सुटलं, याचा मी वाद घालत नाही. घोड्यावरची दोरी सुटते, त्यात काही नवल नाही. मी उतारावर वाचवायला धावले होते, आणि मी पोचण्याआधीच एका अनोळखी बाईने मदत मागून त्या दोघींना थांबवून ठेवलं होतं. मला एवढंच माहीत आहे.

शेडवर परत आले तेव्हा सुभेदार रुबिनाला शोधत होते. “ताई, ती पोरगी कुटं गेली? नट आवळायचा ऱ्हायला माझा.” मी त्यांना खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. पेपरातलं कोपर, सोमवारची मागणी, सगळंच. बाकीचे ऐकत होते, तरी थांबले नाही.

ते पाना दोन्ही हातांत फिरवत बसले. शेवटी म्हणाले, “चूक माझी हाय ताई. फौजेत गाडी भाईर पडायच्या आदी दुसऱ्या मानसानं बघायचीच, असा नियम आसतो. हितं ती दुसरी नजर तुमची हाय, असं मी धरून चाललो हुतो. तुमी बघताय म्हनून मी निर्धास्त.”

त्यांनी मला दोष दिला असता तर मी सोसला असता. हे मात्र मला सोसवेना. ज्या माणसाला मी घालवायला बघत होते, तो माझ्या डोळ्यांवर विसंबून काम करत होता. मी शेडची किल्ली काढून त्यांच्यासमोर ठेवली. मला वाटलं होतं, ते नको म्हणतील. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि किल्ली खिशात घातली. “फुडच्या रविवारी या मात्र,” एवढंच म्हणाले.

मी गेले. शेड त्यांनी उघडली होती. मी रॉकेलमध्ये चेन धुवायला बसले. आता दोघांनी बघितल्याशिवाय सायकल दारातून बाहेर जात नाही, आणि शेवटचा नट माझा असतो. रुबिना दोन महिने आली नाही. मग एक दिवस आली, सायकल माझ्यासमोर लावली आणि माझ्या हाताकडे एकटक बघत उभी राहिली. काम झाल्यावर तिने स्वतः चार वेळा ब्रेक दाबून बघितला. तिने तसंच करावं. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

मत्सर गेला, असं मी म्हणणार नाही. अजूनही कधी पोरी त्यांच्याभोवती जमल्या की आत काहीतरी टोचतं. पण आता ते मी लपवत नाही. सोमवारी माहुलीला जाते आणि जे टोचलं ते जसंच्या तसं महादेवापुढे ठेवते. पूर्वी मी त्याला माझी जागा सांभाळायला सांगायची. आता सांगते, मला जिथे बसवशील तिथे बसेन. जागा देणारा तू, उठवणारा तू. एवढं म्हणून पाण्यात हात बुडवले की माझी पाच अक्षरं माझ्या ओठांवर येतात, आणि ती परत दिल्याबद्दल मी त्याचे उपकार मानते.