मायदेवकाकांनी रायफल तपासली

हेमचंद्र मायदेव हे नाव ऐकून कुणालाही वाटावं, हे गृहस्थ संस्कृत शिकवत असतील. प्रत्यक्षात ते सिंगापूरला जुरोंग आयलंडवरच्या एका रिफायनरीत पाइपांचे जोड तपासतात आणि रविवारी सकाळी नेमबाजीच्या क्लबात जातात. वय एकसष्ट. बुकित पंजांगला आमच्याच ब्लॉकमध्ये माझ्या दोन मजले वर राहतात. अठ्ठावीस वर्षांत कंपनीची बस त्यांना सोडून गेल्याचं ऐकिवात नाही. मी बँकेत दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेतो, त्यामुळे कुणाचं कौतुक करणं मला जरा जडच जातं. मायदेवकाकांचं मात्र करावंच लागतं.

क्लबात मला त्यांनीच नेलं. ‘सोफ्यावरून उठवा याला,’ असं माझ्या बायकोने, सविताने, त्यांना सांगितलं होतं. मी पिस्तूल निवडलं, कारण ते लहान असतं. मायदेव मात्र अकरा वर्षं एकच रायफल चालवत होते, आणि ती सगळ्या क्लबाच्या चेष्टेचा विषय होती. आमची रेंज बंदिस्त, पंचवीस मीटरची. मागची भिंत फक्त पिस्तुलाची गोळी सोसते. म्हणून कुणीतरी हौसेने पिस्तुलाचंच नऊ मिलिमीटरचं काडतूस चालणारी रायफल आणून ठेवली होती. दर गोळीनंतर हाताने बोल्ट, म्हणजे नळीमागचा दांडा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, मग पुढची गोळी. थोरल्या भावाच्या कोटात धाकटा, असा तो प्रकार. पिस्तूलवाले हसायचे. मायदेव शांतपणे बोल्ट ओढायचे आणि सगळ्यांपेक्षा चांगला नेम मारायचे.

गेल्या जानेवारीपासून त्यांचा नेम बिघडला. पाच गोळ्या पूर्वी पेढ्याएवढ्या जागेत बसायच्या, त्या आता पुरीएवढ्या पसरायला लागल्या. क्लबाची शस्त्रं सांभाळणारे को अंकल, लष्करातून निवृत्त झालेले, त्यांनी स्वतः चालवून पाहिली. त्यांच्याही गोळ्या फाकल्या. कमिटीने लगेच लिहून टाकलं, रायफल जुनी झाली, जूनच्या सभेत मंजुरी घेऊन ती नष्ट करायला द्यावी. मायदेवांना दोष देण्याचं कुणाच्या मनातही आलं नाही.

त्या रविवारी हॉकर सेंटरच्या ठेल्यांवर तोसई, म्हणजे इथला डोसा, खाताना त्यांनी मला खरं काय ते सांगितलं.

“विश्वास, माझा उजवा हात कधीकधी आपोआप हलतो. दोन-चार सेकंद. शैलाला बोललो नाहीये.”

शैलाकाकू म्हणजे त्यांची बायको. मी म्हटलं, “काका, वय झालं की होतं असं.”

“तेच तर बघायचंय. रायफलीत दोष आहे, को म्हणतोय तर आहेच. पण सगळा दोष तिचा आहे का? तो काढून टाकला आणि तरी नेम फाकला, तर मग उरलो मी.”

मला खरंच राग आला. सगळं जग त्यांना निर्दोष मानत होतं आणि हे स्वतःवरच खटला भरत होते. “जाऊ द्या ना ती रायफल,” मी म्हटलं. “जूनमध्ये ती जाईल, तुमचं नाव राहील. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“मूठ झाकली तरी हलतेच की रे,” ते म्हणाले, आणि माझ्या ताटलीतली चटणी संपवली.

कमिटीकडून त्यांनी जूनपर्यंतची मुदत मागून घेतली. इथे कुणाला रायफल घरी नेता येत नाही. ती क्लबाच्या तिजोरीत राहते, काडतुसं मोजून मिळतात, रिकामी टरफलं मोजून परत द्यायची. काडतूस घरी बनवण्याचा तर प्रश्नच नाही. स्क्रूला हात लावायचा तो को अंकलनी. मायदेवांनी फक्त सांगायचं आणि वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून मारून बघायचं. रिफायनरीतली पद्धत त्यांनी इथे आणली. एका वेळी एकच बदल करायचा आणि बदलाचा टॅग लावायचा. त्यावर तारीख, काय केलं, कुणी सांगितलं, सही. जोड गळला तर टॅगवरच्या माणसाने उत्तर द्यायचं.

पहिल्याच टॅगवर ते सपशेल आपटले. आयुष्यभर पाइपांचे जोड आवळून घेतलेला माणूस. जोड ढिला राहिला तर आग लागते, हे त्यांच्या हाडांत मुरलेलं. रायफलीच्या लाकडी दस्त्याला लोखंड धरून ठेवणारे दोन स्क्रू त्यांनी को अंकलना चांगले घट्ट आवळायला लावले, तेही आळीपाळीने, तीन टप्प्यांत, मापाच्या पान्याने. नंतरच्या पाच गोळ्या पुरीच्याही बाहेर गेल्या.

को अंकल हसून लाकडावर टिचकी मारत म्हणाले, “धिस वन वूड, लह. नॉट युवर पाइप. यू स्क्वीझ, ही बेंड.”

मी त्यांच्या जागी असतो तर ‘पाना बिघडला असेल’ म्हटलं असतं. मायदेवांनी टॅगवर लिहिलं: ‘फार आवळलं. चूक माझी.’ सही केली आणि स्क्रू अर्ध्यावर आणायला सांगितले. गोळ्या जवळ आल्या.

पुढच्या रविवारी त्यांनी कागदाची पट्टी नळी आणि दस्ता यांच्यामधून सरकवून पाहिली. डाव्या बाजूला ती अडकली. इथल्या दमट हवेने लाकूड फुगून नळीला टेकत होतं, आणि नळी तापली की ती बाजूला ढकलली जायची. को अंकलनी लाकूड पॉलिश पेपरने घासलं, आतून तेलाचा हात दिला. पट्टी सुळकन निघाली. गोळ्या आणखी जवळ आल्या. मग गोळ्यांमुळे नळीत साचलेलं तांबं साफ केलं. मग काडतुसं. क्लबात तीन प्रकारची मिळायची. हलकी, वेगवान गोळी सगळ्यांची आवडती. मायदेवांनी जड, सावकाश जाणारी मागितली आणि ती या नळीला मानवली. मे महिन्यात गोळ्या पुरीवरून लिंबावर आल्या.

मी खूश. “बघा, दोष रायफलीचाच होता!”

त्यांनी निशाणाचा नवा कागद लावला. पुढचे तीन रविवार गोळ्या लिंबावरच थांबल्या. चार एकत्र आणि एक खाली उजवीकडे. कधी दुसरी, कधी चौथी. रायफलीत बदलण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, हे मलासुद्धा कळत होतं.

सभेच्या दिवशी सकाळी स्वतःच्या पाच गोळ्या मारून झाल्यावर त्यांनी मैत्रेयीला बोलावलं. वन-नॉर्थच्या आयटी पार्कात सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी पुण्याची मुलगी, दोन वर्षांपासून क्लबात. तिला बाकी काही सांगितलं नव्हतं. “पाच गोळ्या मार. घाई नको,” एवढंच.

तिने मारल्या. निशाणाचा कागद आला. मायदेवांनी खिशातून एक डॉलरचं नाणं काढून त्यावर ठेवलं. पाचही भोकं नाण्याखाली गेली.

रायफलीचा दोष गेला, उरले मायदेव. हा माणूस मात्र लहान मुलासारखा हसला. “को! धिस इज अ रायफल!” असं ओरडले, मैत्रेयीची पाठ थोपटली, कागद उजेडात धरून पुन्हा पुन्हा पाहिला. हसू मावळायला चांगला मिनिटभर लागला. मग त्यांनी शेवटचा टॅग लिहिला: ‘रायफल निर्दोष. हेमचंद्र मायदेव.’

सभेत अध्यक्षांनी त्यांचं अभिनंदन केलं. चांगला माणूस, मनापासून बोलत होता. म्हणाला, मिस्टर मायदेव यांचा नेम बिघडला नव्हता हे सिद्ध झालं, आता त्यांनी पुढची अकरा वर्षं हीच रायफल चालवावी. टाळ्या पडल्या. तिथे गप्प बसायला काय हरकत होती? पण मायदेव उठले. त्यांनी दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

“रायफल तीच, काडतूस तेच, दिवस आजचाच,” ते इंग्रजीत सावकाश म्हणाले. “हा कागद मिस मैत्रेयींचा आणि हा माझा. माझा हात हलतो. हलणाऱ्या हातात भरलेली बंदूक असू नये. रायफल ठेवा. नेमबाजांच्या यादीतून माझं नाव काढा.”

मैत्रेयी रडायलाच लागली. माझेही डोळे भरून आले. अकरा वर्षांत त्या माणसाने मारलेल्या सगळ्या नेमांपेक्षा मला हा मोठा वाटला.

बाहेर येऊन आम्ही बाकावर बसलो. त्यांनी शैलाकाकूंना फोन लावला. ते फोन नेहमीच स्पीकरवर ठेवून बोलतात.

“अगं, डॉक्टरची अपॉइंटमेंट घे. माझ्यासाठी. उजव्या हाताचं जरा...”



“मंगळवारची घेतलीय, दहा वाजताची,” शैलाकाकू म्हणाल्या. “सहा महिने तुमचा चहाचा कप अर्धाच भरतेय मी. तुम्ही कधी सांगताय, त्याची वाट बघत होते.”