हार घातलेला सर्बियावाला

तो दसरा आमच्या घरात अजून कोणी विसरलेलं नाही.

माझा थोरला भाऊ आगबोटीवर खलाशी होता. फ्रान्सच्या एका बंदरात त्याने सर्बियाहून आलेला एक फुटबॉल खेळणारा पाहिला आणि वेडाच झाला. त्या माणसाचं नाव आमच्या जिभेला वळेना, म्हणून तो नुसता सर्बियावाला. तो मैदानाकडे निघाला की दुकानदार फळ्या लावून मागे धावत, म्हणे! दर रजेला दादा हे सांगे, आणि आम्हा अनवाणी पोरांना गावामागच्या सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, त्याच्या युक्त्या शिकवी. वर्तमानपत्रातलं त्याचं चित्र दादाच्या ट्रंकेत असे.

मग बोटीवरचा दोर तुटून दादाच्या गुडघ्यावर बसला. बोट सुटली, खेळ सुटला. काठी टेकत घरी आलेला दादा पडवीत भिंतीकडे तोंड करून पडून राही, जेवायलाही उठत नसे. हा माणूस असाच झिजून जाणार, ही धास्ती वहिनी बोलत नसे, पण मला दिसे.

दसऱ्याला तिने पूजेला हत्यारं मांडली. कोयता, कुऱ्हाड, विळी. खलाशी नवऱ्याचं हत्यार कुठलं मांडणार? तिने गुपचूप ते चित्र बाजारातून चौकटीत बसवून आणलं होतं. ते कोयत्याशेजारी ठेवलं आणि वर झेंडूचा हार घातला.

दादा आत आला आणि दारातच थिजला. आमच्याकडे माणसाच्या फोटोला हार चढतो तो मेल्यावरच.

“कधी गेला गो? मला कोणी सांगितलान कसा नाय?”

काठी हातातून सुटली. बापाच्या वेळी न रडलेला माणूस मटकन खाली बसून हंबरडा फोडू लागला. वहिनी ‘अहो, पूजेचा हार तो’ म्हणत राहिली, पण त्या हंबरड्यात ऐकणार कोण? शेजारीण धावत आली ती थेट विचारू लागली, सुतक कोणाकोणाला?

तेवढ्यात दादाचा बोटीवरचा सोबती शिलंगणाची वाट न बघता आपट्याचं सोनं द्यायला दारात आला. तो हर्णै बंदराचा, पण सासुरवाडी आमच्या गावातली. सगळं ऐकून तो ओरडलाच.

“मेला? अरे, गेल्या खेपेला ह्या डोळ्यांनी बघितलाय! गुडघा गेला त्याचा, खेळ बंद. आता कोट घालून मैदानाच्या कडेला उभा ऱ्हातो. म्यानेजर झालाय! अकरा जण त्याच्या ओरडण्यावर धावतात, नि जिंकल्यावर लोक खांद्यावर घेतात ते त्यालाच.”

दादाने बाहीने डोळे पुसले.

“कुठचा गुडघा?”

“ते काय मी इचारलंय?”

दादाने पुढे सरकून स्वतःच्या हाताने हार काढला.

संध्याकाळी गाव शिलंगणाला निघालं, आम्ही सड्यावर खेळायला गेलो. बघतो तर कडेला दादा! भर उकाड्यात अंगात लग्नातला कोट. मी आ वासून बघतच राहिलो आणि चेंडू पायातून निसटला. तशी त्याने मला अख्ख्या सड्याला ऐकू जाईल अशी शिवी हासडली.

इतकी गोड शिवी मी जन्मात खाल्ली नाही.