पाताळाच्या राजाची पोथी

माझी नात ग्रीक देवांच्या प्रेमाच्या कादंबऱ्या वाचते. हल्ली म्हणे त्यांची लाट आहे. तसली एक मी डोंबिवलीच्या चाळीत, लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात, पोथी म्हणून वाचली आहे.

दुपारची पोथी मालकीणबाईंच्या खोलीत असे. वाचायची सवाष्णीनेच, हा त्यांचा दंडक, आणि वाचता येणारी सवाष्ण मी एकटी, तीही चौथी पास. जुनी पोथी वाळवीने खाल्ली होती. मी वाचनालयात जाऊन म्हटलं, "देवांचं काही द्या." तिथल्या गृहस्थांनी पुस्तक पुढे केलं. "घ्या, ह्यात देवच देव आहेत." पहिल्याच पानावर स्वर्ग होता, देवांचा राजा होता. आम्ही ते चौरंगावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं.

तिसऱ्या दिवशी पाताळाच्या राजाने फुलं वेचणारी मुलगी रथात ओढून पळवली. आता कुणी देव येऊन ह्याचा वध करणार, म्हणून सगळ्या सरसावून बसल्या. कोणी आलं नाही. पाचव्या दिवशी त्याने तिला डाळिंबाचे दाणे भरवले, आणि ती लाजली. मी वाचता वाचता थांबले.

"थांबलीस का गं?" मालकीणबाई म्हणाल्या.

"ही पोथी नाही हो. हे भलतंच आहे."

"कुंकू वाहिलंय तिला. अर्धी सोडायची नाही. वाच."

वाचलं. ती त्याच्या प्रेमात पडली. कोपऱ्यातल्या खोलीतल्या काकू आपल्या मुलीला म्हणाल्या, "बघ. नेली तेव्हा रडली, आता रमलीच ना?"

काकू विधवा. मुलगी सोळा वर्षांची, सातवी शिकलेली, माझ्या पाठीमागे बसून वाती वळायची. काकूंच्या कल्याणच्या दिरांनी तिच्यासाठी विठ्ठलवाडीचा बिजवर बघितला होता. त्याचा थोरला मुलगा हिच्याएवढा. काकूंचं मन होत नव्हतं, पण सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. आणि तो आता माझ्या वाचनाने ठरत होता.

सकाळी मी वाचनालय गाठलं. "मुलीला आई नव्हती का?"

"होती की. मूळ कथा आईचीच. ती शेतांची देवी. पोरगी परत मिळेपर्यंत तिने जगात दाणा उगवू दिला नाही. शेवटी दिली परत, वर्षातले काही महिने तरी."

"मग ह्यात ती कुठे आहे?"

"गाळली लेखकाने. लोकांना प्रेम हवं असतं."

आई गाळली! आणि त्या माणसाने हे किती सहज सांगितलं.

त्या दुपारी शेवटचा अध्याय होता. पानावर त्या दोघांचं चांदण्यात फिरणं चाललं होतं. मी पानावर बोट ठेवलं आणि मूळ कथा, आईची, वाचल्यासारखी सांगितली. कुंकू वाहिलेल्या पुस्तकावर बोट ठेवून खोटं बोलत होते.

"काल तर रमली होती ना ती?" काकूंनी मध्येच विचारलं.

"छापलंय तसं वाचते मी."

काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे. "काय गं, तुला दिसतंय ना पान? तसंच आहे?"

ह्या पोरीला वाचता येतं हे मी साफ विसरले होते. इतके दिवस ती माझ्या खांद्यावरून प्रत्येक ओळ वाचत होती.

"तसंच आहे," ती म्हणाली. वात वळायची थांबलीसुद्धा नाही.

आरती झाल्यावर काकू पोस्टकार्ड घेऊन माझ्या दारात आल्या. म्हणाल्या, "भावजींना लिही. मुलगी देत नाही."

"आणि कारण?"

"कारण कशाला? आई आहे मी तिची."

मी तेवढंच लिहिलं. मुलीने पत्ता घातला आणि स्वतः जाऊन पेटीत टाकलं.