मयेकर मॅडमचा तिसरा रकाना

वाईट रिपोर्ट सांगायचा असला की मयेकर मॅडम खुर्चीतून उठून उभ्या राहायच्या. फोनवरच्या माणसाला ते दिसत नसे, पण हेल्पलाइनच्या खोलीतल्या बाकीच्या पाच जणींना दिसे आणि त्या आपोआप आवाज खाली आणत. उभं कशाला राहायचं, असं मी एकदा विचारलं. "बसून सांगितलं की आपण निवांत आहोत असं वाटतं रे," त्या म्हणाल्या.

आमची कंपनी म्हणजे रक्त, लघवी, गाठी तपासणाऱ्या लॅबची साखळी. हेल्पलाइन मीरा रोडला, एका औद्योगिक गाळ्याच्या वरच्या मजल्यावर. ज्यांना रिपोर्ट मोबाइलवर उघडता येत नाही किंवा उघडला तरी कळत नाही, ते इथे फोन करतात. रिपोर्ट वाचून दाखवायचा, अर्थ डॉक्टरांना विचारायला सांगायचं, एवढाच नियम. मयेकर मॅडमनी त्याला स्वतःचा एक नियम जोडला होता. रिपोर्ट उघडून त्यात काही वाकडं दिसलं की त्या आधी विचारत, "घरात कोण आहे आत्ता?"

कोणी असेल तर त्याला जवळ बोलवायला लावत. "पाणी पिऊन या, मी धरलाय फोन," हे ठरलेलं. कोणी नसेल तर रिपोर्ट सांगतच नसत. वरसावेच्या एका आजोबांशी त्या जावई दुकानातून घरी येईपर्यंत पोपटाच्या आजारपणावर बोलत बसल्या होत्या. तारोडीची एक मासळीवाली भर बाजारातून म्हणाली, सांग इथंच, मी घाबरत नाही. मॅडम म्हणाल्या, "मासळीच्या पाटीसमोर नको. घरी जा, मुलीला बसव शेजारी, मी करते फोन." आणि संध्याकाळी आठवणीने केला. सुपरवायझर वेळेवरून कुरकुरला की त्यांचं उत्तर तयार असे, "आकडा काय, वजनकाटापण सांगतो. आणि घाई कुणाला आहे? रिपोर्टला पाय फुटलेत का?"

या बाई रत्नागिरीकडच्या, नवऱ्यामागे एकटीने मुलाला शिकवलेल्या, भाईंदर पूर्वेला खारी गावाला लागून असलेल्या एका बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या. नाव शुभांगी. मला पहिल्या दिवसापासून अरे-तुरे करायच्या आणि मला ते आवडायचं. माझं पद तेव्हा नुकतंच निघालं होतं, 'एआय अडॉप्शन लीड'. मराठीत सांगायचं तर कर्मचाऱ्यांना यंत्राची सवय लावणारा माणूस. आज ते पद उच्चारताना तोंडात काहीतरी नासलेलं आल्यासारखं होतं.

मी काय करायचो? पडद्यावर रंगीत चित्रं दाखवायचो आणि म्हणायचो, एआय तुमचा शत्रू नाही, तुमचा सहकारी आहे. इतक्या गोड आवाजात म्हणायचो की आता त्या आवाजाची शिसारी येते. बायका माना डोलवायच्या आणि चहाच्या वेळी कोपऱ्यात कुजबुजायच्या. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, त्या मयेकर वळल्या की बाकीच्या वळतील, तू त्यांना धर. मी त्यांना धरलं. 'रिपोर्ट झाला का' विचारणारे फोन मशीन घेईल आणि खरे फोन तुमच्याकडे येतील, असं मी त्यांना सांगितलं.

"म्हणजे मला बोलायला वेळ मिळेल?"

"मिळेल की."

त्यांनी विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर तेव्हा माझाही होता, निदान बराचसा. मग त्या अशा काही कामाला लागल्या की मलाच लाज वाटावी. मशीनला शिकवायला आम्ही एक तक्ता केला. पहिल्या रकान्यात फोन करणारा काय म्हणतो, दुसऱ्यात मॅडम काय म्हणतात. तिसरा रकाना त्यांनी स्वतः आखायला लावला, आणि मग मॅडम काय करतात. त्यात त्या अगदी बारकाईने सांगायच्या. घरात कोणी नाही म्हणाला, तर शेजाऱ्याचं नाव विचार. शेजारी नसेल तर कोणाची तरी येण्याची वेळ विचार आणि त्या वेळी आपणहून फोन कर. एकदाही विसरू नकोस. बाकीच्या पाच जणींनाही बसवून त्यांनी हे वदवून घेतलं. मी टाइप करत होतो आणि मनात म्हणत होतो, माझं प्रमोशन पक्कं.

तक्ता हेड ऑफिसला गेला आणि दोन रकान्यांचा होऊन परत आला. तिसऱ्या रकान्याने फोन लांबतो, म्हणून तो कापला. 'घरात कोण आहे आत्ता?' हा प्रश्न मात्र ठेवला, कारण तो ऐकून लोकांना घरच्यासारखं वाटतं. वर, सन्मान म्हणून, मशीनला नाव दिलं शुभाताई, आणि फोन उचलला की ते 'मी शुभाताई बोलतेय' म्हणायचं. हेडफोन लावलेल्या बाईचं चित्र भिंतीवर लागलं. "एवढी मोठी टिकली मी लग्नातपण लावली नव्हती," एवढंच मॅडम त्यावर बोलल्या. मशीनला आपलं नाव दिल्याचं त्यांनी घरी, शेजारी कुणाला सांगितलं नाही, हसतील म्हणून. तिसरा रकाना कापलाय हे त्यांना कोणी सांगितलं नाही. कोणी म्हणजे मी.

मशीन सुरू झालं आणि रिपोर्ट सांगायचे फोनही तेच घेऊ लागलं; आठवडाभरात मॅडमनी रेकॉर्डिंग ऐकायला मागितली. कुणीतरी पुरुष म्हणत होता, घरात कोणी नाही, मी एकटाच आहे. मशीन म्हणालं, "ठीक आहे. तुमचा रिपोर्ट पुढीलप्रमाणे आहे." मॅडमनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि त्या सरळ माझ्यासमोर आल्या. मी दुसऱ्या टप्प्याबद्दल काहीतरी पुटपुटलो.

"टप्पे राहू देत," त्या म्हणाल्या. "एक तर मागे माणूस बसव, नाहीतर प्रश्न काढून टाक. विचारायचं आणि ऐकायचं नाही, हे थोबाडीत मारण्यापेक्षा वाईट आहे."

मी साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, प्रश्नामुळे तर लोक चांगले शेरे देतायत, त्याला हात लावायचा नाही. मी 'बरं सर' म्हणालो. वाद घातला नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. बाहेर येऊन मॅडमना सांगितलं, दुसऱ्या टप्प्यात नक्की. त्यानंतर दर सोमवारी त्या माझ्या टेबलाशी येऊन विचारायच्या, झालं का रे? मी दर सोमवारी खोटं बोलायचो. पुढेपुढे तर सोमवारी त्या आत येताना दिसल्या की मी फोन कानाला लावायचो, पलीकडे कोणी नसताना.

मग एका मंगळवारी त्यांनी राजीनामा दिला. कारण लिहिलं नाही. साहेब चिडले, कारण कंपनीच्या मोठ्या समारंभात शुभाताई मशीनशेजारी खरी शुभाताई उभी करायची होती. मला हुकूम झाला, घरी जा, समजूत घाल. मी मिठाईचा पुडा घेऊन गेलो. मिठाईचा पुडा!

मॅडमनी पुडा बाजूला ठेवला. कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, चल माझ्याबरोबर, एका ठिकाणी जायचंय. बिल्डिंगच्या मागे खारीतली जुनी कौलारू घरं आहेत. तिथल्या एका ओटीवर साठीच्या पुढची एक बाई डोक्याला रुमाल बांधून बसली होती. वाटेत मॅडमनी सांगितलं होतं, ही मंजुळाकाकी. मॅडमच्या नवऱ्याच्या आजारपणात हिने वर्षभर त्यांचा मुलगा सांभाळला होता. गेले दोन आठवडे ती त्यांच्याशी बोलत नव्हती. समोर दिसली की दार लावून घ्यायची, आणि कारण मॅडमना तिच्या सुनेकडून कळलं होतं.

काकीने मान वळवली. पण दारात परका माणूस म्हणून सुनेला चहा ठेवायला सांगितला. मॅडम तिच्या पायाशी पायरीवर बसल्या. मग काकीच बोलली.

"शुभा, मी सांगतलं ना तुला, घरान कोन न्हाय. सून बाजारान गेली, पोरगा कामाव. तरी तू बोललीस. गाठ वाईट हाय म्हनून सांगतलंस नि फोन ठेवलास. आवाज येगला वाटला, मी म्हटलं सर्दी झाली असंल. पन बोलनं तुजंच व्हतं. सून येईपरत मी इथं खाली पडून व्हते."

चहाचा कप माझ्या हातात होता. मला वाटलं, आता मॅडम माझ्याकडे बोट दाखवणार. सांगणार की ते मशीन आहे आणि ते शिकवणारा हा समोर बसलाय. मी तोंड कसं करायचं तेसुद्धा ठरवून ठेवलं होतं, जरा दुःखी, जरा जबाबदार. इतका मी सडलो होतो.

मॅडमनी काकीचा हात धरला. "चुकलं काकी माझं," त्या म्हणाल्या. "तू एकटी आहेस म्हणालीस, तरी मी सांगायला नको होतं. मला क्षमा कर."

काकी रडली, मग तिने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, मग सुनेला म्हणाली, शुभाला पन चाय दे. मी माझा चहा पिऊन संपवला. एक शब्द बोललो नाही. बोललो असतो तर निदान एका माणसासमोर तरी खरं बोलल्यासारखं झालं असतं.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मी विचारलं, मॅडम, ते मशीन होतं हे सांगितलं का नाही?

"सांगून काय झालं असतं?" त्या म्हणाल्या. "आत्ता तिला वाटतंय, शुभा होती आणि शुभा चुकली. मशीन म्हटलं असतं तर कळलं असतं की तिथे कोणीच नव्हतं. त्या वेळी, तसलं ऐकताना, पलीकडे कोणीच नव्हतं. ते तिला आता आजारपणात कशाला कळू द्यायचं?" मग म्हणाल्या, "तू जा आता. त्या मशीनवरून माझं नाव तेवढं काढ, जमलं तर."

रिक्षात बसलो तेव्हा साहेबांचा मेसेज आला होता, घेतला का राजीनामा मागे? मी लिहिलं, नाही. नावाबद्दल मी त्यांना अजून विचारलेलं नाही, प्रश्नाबद्दल पुन्हा बोललेलो नाही, आणि माझा राजीनामा तर लिहायलाही घेतलेला नाही. परवा आमच्या नव्या शाखेत शुभाताई कशी वापरायची याचं ट्रेनिंग आहे. ते मीच देणार आहे.