कॅलेंडरवरची लाल टिकली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, डॉक्टरीणबाईंना नाही — आणि ह्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही काही आमच्या गोठ्यात येऊन ह्यांच्या तोंडाकडे बघणार नाही.

ह्यांचा सगळा जीव गाईंत. कोणती कधी माजावर आली, कधी व्यायली, सगळं डेअरीच्या कॅलेंडरवर लिहिलेलं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी एकदा ढसाढसा रडले — का, तर ह्यांनी करपलेली अर्धी भाकरी स्वतःच्या ताटात घेतली म्हणून! आता यात रडण्यासारखं काय होतं? मलाच नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी पाळी आली, तेव्हा मीच म्हटलं, "अहो, पाळीच्या आधी माझं असंच होतं बघा." तेव्हापासून गाईंच्या नोंदींशेजारी माझी एक लाल टिकली पडायला लागली. ते दिवस आले की हे सांभाळून बोलायचे, पाणी तापवून रबरी पिशवी भरून द्यायचे. इतकं कोण करतं हो?

इथवर सगळं खरं होतं.

मग घोडेगावच्या बाजारातून ह्यांनी एक गाय आणली — मला न विचारता, आणि धारा काढणारी मी! गाय निघाली लाथाळ. त्या दिवशी दीर जेवायला होते. त्यांच्यासमोर मी म्हणाले, "ह्यांना कसली आलीय जनावराची पारख? उगाच मिरवतात."

ह्यांचा घास हातातच राहिला. चार गावांतली माणसं ह्यांना गाय दाखवायला बोलावतात, तेवढाच तर ह्यांचा मान. मला ते ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच बोलले.

दीर गेल्यावर हे कॅलेंडरपुढे उभे राहिले. "दिवस जवळ आलेत व्हय गं?"

पाळी होऊन आठ दिवससुद्धा झाले नव्हते. टिकली समोर दिसत होती. मी म्हणाले — हो.

आणि ह्यांनी काय करावं? "माझंच लिहायला चुकलं वाटतं," म्हणत ती टिकली खोडली आणि पुढे नवी काढली.

मग मला सवयच लागली. लागेल असं बोलायचं आणि पोट धरून बसायचं. कधी कधी मलाच कोडं पडायचं — हा राग अंगातला की मनातला? कुठला कुठं सुरू होतो? खरंच, मी स्वतःवर नजर ठेवून बसायचे. नाही उमगलं.

चौदा महिन्यांपूर्वी पाळी गेली. आता मध्येच अंग भट्टीसारखं तापतं, झोप उडते; भाकरीवरून रडू मात्र येत नाही. पण जीभ? ती होती तशीच आहे. म्हणजे ती माझीच होती की!

ह्यांना हे सांगितलं नाही. दर महिन्याला विचारतात, मी तारीख सांगते, हे टिकली काढतात.

परवा दिरांसमोर ह्यांना पुन्हा तसंच टाकून बोलले. दुपारी ह्यांना त्यांचा फोन आला. मी स्वयंपाकघरात होते. हे सांगत होते, "वहिनीचं मनावर घेऊ नको. ती तशी न्हाई रे. तिचे दिवस हायेत."

फोन ठेवून हे आत आले. हातात गरम पाण्याची पिशवी होती. मी ती घेतली, पोटावर धरली आणि म्हणाले, "आता जरा बरं वाटतंय."